रॉकेट परत येतं, मग चंद्रापर्यंतचं भाडं का उतरत नाही?

हिशेबवही | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर मी हिशेब बघते. दिवसभर हमाली, तोलाई, बारदान, ट्रकचं भाडं. रात्री जेवणं आटोपली की रॉकेटं. परवा शुक्रवारी पहाटे अडीचच्या सुमाराला ब्लू ओरिजिन कंपनीच्या न्यू ग्लेन रॉकेटचं उड्डाण लागलं होतं, ते बघायला गजर लावून उठले. नासाची दोन यानं मंगळाच्या वाटेला लागली आणि खालचा टप्पा अटलांटिकमधल्या 'जॅकलिन' जहाजावर येऊन सरळ उभा राहिला. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की आई उठून बसली.

मग झोप येईना, म्हणून वही काढली आणि तिथेच अडकले.

स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटचं २०२५ चं जाहीर भाडं सुमारे ७ कोटी डॉलर. बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, परत आणायचा असेल तर पृथ्वीजवळच्या कक्षेत साडेसतरा टनांच्या आसपास माल जातो. म्हणजे किलोला चार हजार डॉलर पडले. आता दुसरं पान. फायरफ्लाय कंपनीच्या 'ब्लू घोस्ट' लँडरनं या मार्चमध्ये नासाची दहा उपकरणं चंद्रावर उतरवली. करार झाला तेव्हा त्या उपकरणांचं वजन ९४ किलो धरलं होतं आणि पोचवण्याचे नासानं १० कोटी १५ लाख डॉलर मोजले. भागाकार केला तर किलोला जवळजवळ अकरा लाख डॉलर येतात. अ‍ॅस्ट्रोबोटिक कंपनीनं जाहीर केलेला दरही किलोला १२ लाख डॉलर होता, तेव्हा माझा भागाकार चुकलेला नाही.

एकीकडे चार हजार, दुसरीकडे अकरा लाख. आणि हे ब्लू घोस्ट गेलं ते फाल्कन-९ वरूनच, आधी उडून आलेल्या बूस्टरवरून! मधली रक्कम नक्की कोणत्या खात्यात जाते? सांगलीहून वाशीला माल पाठवते तेव्हा मला पैन् पै दिसते. इथे काहीच दिसत नाही. कुणी नीट उलगडून सांगेल का?

---

रातपाळी | १७ नोव्हेंबर २०२५, पहाटे ४:१५

ताई, तुमची वही मला फार आवडली. उरणला एका कंटेनर फ्रेट स्टेशनवर मी एकोणतीस वर्षं आहे, त्यातली बरीचशी रातपाळीत गेली. माल कुठून कुठे जातो, कुठे अडतो आणि पैसे कुठे गळतात, एवढंच मला कळतं. चंद्राकडेही मी त्याच नजरेनं बघतो, म्हणून लिहायचं धाडस करतो.

आमच्याकडे कुणी गाडी मागितली की मालक पहिलं विचारतो: परतीचं भाडं आहे का? चाकणहून माल घेऊन आलेला ट्रेलर इथून काहीतरी भरून गेला तर एक दर. रिकामा जाणार असेल तर दोन्ही बाजूंचं डिझेल त्याच पार्टीच्या माथी. पण गाडी परत येणारच नसेल तर? माल पोचवून ती तिथेच कायमची उभी राहणार असेल तर भाड्यात अख्ख्या गाडीची किंमत धरावी लागेल. चंद्राचं भाडं आज असं लावलं जातं.

फाल्कन-९ चा बूस्टर साडेआठ-नऊ मिनिटांत समुद्रातल्या तराफ्यावर परत येतो. काही बूस्टर तीसेक वेळा उडालेत. तुमच्या भाषेत, त्याचा घसारा तीस फेऱ्यांवर पसरला. ब्लू घोस्ट १५ जानेवारीला निघालं, सेहेचाळीस दिवसांनी २ मार्चला चंद्रावरच्या मारे क्रिसियम या मैदानात उतरलं आणि आजही तिथेच आहे. आपले विक्रम आणि प्रज्ञानही तिथेच आहेत. लँडरचा घसारा पहिल्याच फेरीत शंभर टक्के. शिवाय फाल्कनचा वरचा टप्पाही परत येत नाही, तोही दर वेळी नवा लागतो.

एक करून बघा. ब्लू घोस्टच्या १० कोटी १५ लाखांतून रॉकेटचं भाडं पूर्ण काढून टाका. त्या रॉकेटवर जपानच्या आयस्पेस कंपनीचा लँडरही होता, म्हणजे भाडं वाटून गेलं असणार. पण आपण सगळं, ७ कोटी, एकट्या ब्लू घोस्टच्या नावावर टाकू. तरी ३ कोटी १५ लाख उरतात. ९४ किलोंना भागा, किलोला सव्वातीन लाखांच्या वर जातं. रॉकेट अगदी फुकट मिळालं, तरी चंद्र तुमच्या चार हजारांच्या ऐंशीपट महागच. ही रक्कम लँडरच्या खात्यात जाते.

आता लँडर इतका महाग का, ते वजनावरून कळतं. चांद्रयान-३ घ्या. श्रीहरिकोट्याच्या तळावर उभं असलेलं एलव्हीएम-३ रॉकेट सुमारे ६४० टनांचं. त्यानं कक्षेत सोडलेलं यान ३९०० किलोंचं. त्यातलं २१४८ किलोंचं प्रोपल्शन मॉड्यूल चंद्रापर्यंत ढकलायलाच होतं. लँडर १७५२ किलोंचा, त्यातही इंधन. आणि चंद्राच्या मातीवर चाकं टेकवून फिरला तो प्रज्ञान २६ किलोंचा. काट्यावर मांडायचं तर निघताना एक क्विंटल, आणि रोव्हर म्हणून उतरला तो चार ग्रॅम. विक्रमवरची उपकरणं वेगळी मोजा, तरी चित्र बदलत नाही. बाकी सगळं बारदान आणि डिझेल.

एवढं इंधन कशाला, तर चंद्रावर हवा नाही. पृथ्वीवर परतताना कुपीला हवाच ब्रेक लावते, पॅराशूट उघडता येतं. तिथे वेगाचा शेवटचा कणसुद्धा इंजिन पेटवूनच मारावा लागतो. पृथ्वीजवळच्या कक्षेतून निघून चंद्रावर अलगद टेकेपर्यंत एकूण सहा किलोमीटर प्रतिसेकंदाच्या आसपास वेग आधी वाढवायचा आणि मग मारायचा. चांगलं मिथेनचं इंजिन धरलं तरी कक्षेतल्या पाच किलोंमागे एकच किलो चंद्रावर पोचतो, आणि त्या एका किलोत लँडरचे पाय, टाक्या, इंजिन सगळं आलं.

खंडाळ्याचा घाट उतरणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. ब्रेक नाहीत, वेग आवरायचा तर डिझेल जाळूनच आवरायचा. ते डिझेलही इथूनच भरून न्यायचं, कारण पुढे पंप नाही.

शिफ्ट संपत आली. उतराईबद्दल सांगायचं आहे, ते रात्री लिहितो.

---

गल्फकाठ | १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:५०

काका, 'पुढे पंप नाही' याला धरूनच लिहितो. मी मूळचा साताऱ्याचा, ह्यूस्टनला असतो. १३ ऑक्टोबर २०२४ ला आम्ही चार मित्र रात्रभर गाडी चालवून साउथ पाद्रे बेटावर गेलो होतो. सकाळी ७:२५ ला स्पेसएक्सचं स्टारशिप रॉकेट सुटलं आणि सात मिनिटांत त्याचा सुपर हेवी बूस्टर मनोऱ्याच्या दोन हातांमध्ये येऊन अडकला. ध्वनीचा वेग ओलांडल्याचा तो दणका छातीत बसतो. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

पण परतताना मला जास्त लक्षात राहिलं ते हायवे ४. बोका चिकाच्या उड्डाणतळाला जाणारा तोच एक रस्ता. द्रव ऑक्सिजन, मिथेन, नायट्रोजन घेऊन येणारे टँकर त्याच रस्त्यानं जातात. एका उड्डाणाला साडेचार हजार टनांहून जास्त इंधन आणि ऑक्सिजन. टँकरमागे वीस टन धरले तर सव्वादोनशे टँकर! चंद्राची वाहतूक सुरू होते ती या दोन पदरी रस्त्यावर.

आणि पंपाचं म्हणाल तर स्टारशिपची सगळी योजनाच वाटेत पंप उभारायची आहे. नासानं एप्रिल २०२१ मध्ये २८९ कोटी डॉलरचं जे कंत्राट दिलं, त्यातलं चंद्रावर उतरायचं स्टारशिप पृथ्वीच्या कक्षेत रिकाम्या टाकीनं पोचणार. मग टँकर-यानं एकामागून एक येऊन ती टाकी भरणार. बाराशे टनांच्या वरची टाकी आहे. किती खेपा लागतील, यावर वाद आहे. नासाच्या एका अधिकारी बाईंनी २०२३ मध्ये पंधराच्या वरचा आणि विसाच्या आतला आकडा सांगितला होता. कंपनी त्याहून कमी सांगते. दोन यानांमध्ये कक्षेत अशी भरणी अजून एकदाही झालेली नाही. मार्च २०२४ च्या उड्डाणात एकाच यानाच्या एका टाकीतून दुसऱ्या टाकीत ऑक्सिजन नेऊन बघितला, तेवढंच.

आणि ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर द्रव राहतो. ऊन लागलं की उकळून उडायला लागतो. शेवटचा टँकर उशिरा आला तर पहिल्यानं भरलेलं कमी झालेलं असणार.

---

शंकासूर | १७ नोव्हेंबर २०२५, दुपारी १:०५

सगळं वाचलं. मग मला सरळ विचारायचंय की पुनर्वापराचा चंद्राला उपयोग तरी काय? सॅटर्न-५ एकदाच वापरायचं रॉकेट होतं. ते सुटलं की तीन दिवसांत माणसं चंद्राजवळ, वाटेत ना टँकर ना भरणी. आज एका फेरीसाठी पंधरा उड्डाणं करायची आणि त्याला प्रगती म्हणायचं?

---

रातपाळी | १७ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:३०

शंकासूर, तुमचा प्रश्न रास्त आहे, त्याचं आधी.

सॅटर्न-५ एकूण तेरा वेळा उडालं आणि तेराही वेळा संपलं. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ परतलं, त्यानंतर आजतागायत चंद्रावर माणूस गेलेला नाही. रॉकेट उत्तम होतं, पण प्रत्येक खेपेला नवी गाडी बांधून तो धंदा चालवणं अमेरिकेलाही झेपलं नाही. पंधरा टँकरांचं गणित ऐकायला वेडगळ वाटतं हे मान्य. पण गाडी परत येणार असेल, तरच माणूस पंधरा फेऱ्यांचा विचार करू शकतो. सुपर हेवी मनोऱ्यानं आतापर्यंत तीनदा झेललाय आणि झेललेला बूस्टर या वर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उडवलाही. वरचं यान मात्र अजून परत हाती आलेलं नाही. ते येईपर्यंत टँकरचा दर बसणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा फायदा हिशेबात चटकन दिसत नाही. आज लँडरचा एकेक ग्रॅम तासून काढतात. तासण्याचे पैसे लागतात, तासल्यावर टिकेल की नाही हे तपासण्याचे त्याहून जास्त. उद्या तीन टन नेता आले (ब्लू ओरिजिनच्या ब्लू मून मार्क-१ लँडरचं तेच उद्दिष्ट आहे, एकाच न्यू ग्लेनवर), तर पंप जाड पत्र्याचा चालेल, बॅटरी दुप्पट ठेवता येईल, एक सुटा भाग जास्तीचा नेता येईल. विमानानं पाठवायचं खोकं आणि ट्रकनं पाठवायचं खोकं आपण वेगवेगळं बांधतो ना? चंद्राचं खोकं आज विमानाच्या खोक्याहून कडक बांधावं लागतं. ते ट्रकसारखं बांधता आलं की लँडरच्या खात्यातली रक्कम उतरायला लागेल. ताई, पुनर्वापराचा खरा लाभ मला तिथे दिसतो, पहिल्या टप्प्याच्या भाड्यात कमी.

आता उतराई. माझ्या मनाला हाच भाग सर्वांत जास्त लागतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी परदेशातून एका कारखान्यासाठी मोठं मशीन आलं होतं, ओडीसी माल, रुंदीला ट्रेलरच्या बाहेर जाणारा. नाव घेत नाही. जहाज वेळेवर, कस्टम वेळेवर, परवाना काढून रातोरात ट्रेलर दारात. आणि तिथे क्रेनच नाही. चार दिवस गाडी उभी, रोजचं डिटेन्शन, म्हणजे गाडी अडकल्याचा आकार, चढतोय. शेवटी कुणीतरी घाईनं दोन फोर्कलिफ्ट लावले, एक बाजू आधी उचलली गेली आणि मशीन कलंडलं. मी तिथेच उभा होतो. सात समुद्र ओलांडून आलेला माल शेवटच्या पाच फुटांत गेला. तो आवाज अजून कानात आहे.

म्हणून २२ फेब्रुवारी २०२४ ला इंट्युटिव्ह मशीन्स कंपनीचा ओडिसियस लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे उतरून कलला, तेव्हा मला रात्रभर चैन पडली नाही. उंची मोजणाऱ्या लेझरचं एक सेफ्टी लॉक जमिनीवर असताना हातानं काढायचं असतं, ते काढायचं राहून गेलं होतं. लोडिंगच्या वेळची एक नोंद! त्याच कंपनीचा अथीना या ६ मार्चला मॉन्स मूटन डोंगराजवळ एका खड्ड्यात आडवा पडला. पोटात छोटा रोव्हर होता, ड्रिल होतं. रोव्हर बाहेरच येऊ शकला नाही. ब्लू घोस्ट बुटका आणि रुंद, चारी पायांवर नीट उभा राहिला. उंच आणि अरुंद माल कलतो, हे आमच्या यार्डातल्या नव्या पोरालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. स्टारशिप तर पन्नास मीटर उंच, म्हणजे चंद्रावर चौदा-पंधरा मजली इमारत उभी करायची आणि लिफ्टनं माल खाली आणायचा. अपोलो-१५ ची २१० किलोंची मोटार घडी घालून लँडरच्या कुशीत बसवली होती आणि अंतराळवीरांनी दोऱ्या ओढून, कप्प्यांवरून ती खाली सोडली. मला ती रचना अजून सगळ्यात सुंदर वाटते.

शिवाय शेजाऱ्याची काळजी. विक्रम उतरताना दोन टनांहून जास्त माती उडाली, शंभरावर चौरस मीटरमध्ये पसरली. इस्रोनंच मोजून सांगितलंय. तो पावणेदोन टनांचा लँडर, शंभर टनांचं यान उतरेल तेव्हा काय होईल? १९६९ मध्ये अपोलो-१२ सर्व्हेयर-३ पासून दीडशे-एकशेसाठ मीटरवर उतरलं. अंतराळवीरांनी त्या जुन्या यानाचा कॅमेरा परत आणला, तर त्यावर उडालेल्या मातीच्या माऱ्याचे ओरखडे. म्हणजे आधी धक्का बांधायचा, मग जहाजं बोलवायची. धक्का बांधायचं सामान न्यायला पहिली जहाजं धक्क्याविनाच उतरणार, हा पेच आहेच.

आणि गोदाम चौदा दिवसच उघडं. उतरायचं ते सकाळ झाल्या झाल्या, म्हणजे दोन आठवडे ऊन मिळतं. मग तितकीच लांब रात्र, विषुववृत्तावरही उणे १३० अंशांच्या खाली जाणारी थंडी. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरला, तेव्हा आम्ही दहा-बारा जण एका ट्रेलरच्या बॉनेटला फोन टेकवून बघत होतो. ड्रायव्हर रडले, मीही रडलो. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघांना झोपवलं, आणि २२ तारखेला सूर्य आल्यावरही ते उठले नाहीत. मी रोज बातमी बघत होतो.

---

हिशेबवही | १८ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:२०

काका, दोनदा वाचलं. वहीत आता पाच खाती पाडलीत: रॉकेट, वाटेतली भरणी, लँडर, उतराई, रात्र. पहिलं सोडून एकाही खात्यात अजून परत येणारं काही नाही, हे लिहिताना हात थांबला.

एकच राहिलं. परतीचं भाडं कधी मिळणार? चंद्रावरून भरून आणण्यासारखं आहे तरी काय?

---

रातपाळी | १९ नोव्हेंबर २०२५, पहाटे ३:५०

आजवर आलेला परतीचा माल सांगतो. अपोलोच्या सहा फेऱ्यांनी ३८२ किलो दगड-माती आणली. सोव्हिएत लूना यानांनी थोडी. चीनच्या चांग-ई-५ नं २०२० मध्ये १७३१ ग्रॅम आणि चांग-ई-६ नं २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूनं १९३५ ग्रॅम. आपल्या चांद्रयान-४ ला सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, २१०४ कोटी रुपये. दोन एलव्हीएम-३ वर भाग वेगवेगळे जाणार आणि कक्षेत जोडले जाणार. त्या जोडणीची रंगीत तालीम इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेनं या १६ जानेवारीला केली. चांद्रयान-४ बरोबरच मंजूर झालेल्या आपल्या पुढच्या पिढीच्या रॉकेटचा पहिला टप्पा परत वापरता येणारा असेल, कक्षेत तीस टन नेणारा.

पण ही सगळी नमुन्याची पाकिटं. भाडं निघेल असा माल मला एकच दिसतो: ऑक्सिजन. चंद्राच्या मातीत वजनानं चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन आहे, खनिजांत घट्ट बांधलेला. ध्रुवाजवळच्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फ आहे. २००९ मध्ये नासानं कॅबियस विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा आदळवून उडालेल्या धुरळ्यात पाणी पकडलं, आणि चांद्रयान-१ वरच्या उपकरणानं त्याच वर्षी पाण्याच्या खुणा दाखवल्या. आता बघा, मिथेन इंजिनात जे जळतं त्यात वजनाचे तीन चतुर्थांशांहून जास्त ऑक्सिजनच असतो. तो तिथे भरता आला तर परतीसाठी इथून फक्त मिथेन न्यायचं. गल्फकाठच्या रस्त्यावरचे कितीतरी टँकर त्या दिवशी कमी होतील.

ती माती तापवून ऑक्सिजन काढायची भट्टी मात्र आधी इथूनच पाठवायला लागेल. वजन, बारदान, उतराई धरून तिचं भाडं काढून बघा ताई. तुमचा आकडा आला की मी माझा टाकतो.